बाटलीवर वाढलेला कोबी

अप्पांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला आणि त्या दिवसापासून त्या नळातून पाणी सोडून बाकी सगळं येऊ लागलं. आधी नुसता घरघर आवाज यायचा, मग हवा, आणि एकदा तर एक झुरळ बाहेर येऊन, आपण चुकीच्या घरात आलो असं वाटून, परत आत गेलं. नळ मुळात बिघडलेलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण न बिघडलेल्या वस्तू अप्पांना बघवत नसत.

अप्पा म्हणजे नानांचे सासरे. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे त्यांचा कोबीचा मळा होता आणि मळ्याच्या कडेला राहायच्या दोन खोल्या. खताची गोणी खांद्यावर घेताना एक दिवस कमरेत अशी काही कळ आली की गोणी एकीकडे पडली आणि अप्पा दुसरीकडे. डॉक्टरांनी रुंद पट्टा बांधला आणि सांगितलं, "आता गोणी उचलायची नाही, आजोबा."

"किती दिवस?"

"दिवसांचा प्रश्नच नाही. आता नाहीच."

या संभाषणातला 'आजोबा' हा शब्द अप्पांना कमरेपेक्षा जास्त लागला. पण उठताच येत नव्हतं म्हणून त्यांनी डॉक्टरांना काही केलं नाही. मुलीनं त्यांना आपल्या घरी आणलं. मुलीचं घर म्हणजे अर्थात नानांचं घर, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. आणि ज्या माणसानं उभ्या आयुष्यात जेवणाखेरीज बूड टेकलं नाही, तो त्या दोन खोल्यांत दिवसभर बसणार होता.

बसले नाहीत. घरातल्या एकाही स्क्रूला त्यांनी स्वस्थता लाभू दिली नाही. दारं करकरतात म्हणून बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं की दारं वाऱ्याच्या झुळकीसरशी उघडू लागली, त्यात न्हाणीघराचंही होतं. नानांचा चष्मा सैल वाटला म्हणून तो असा आवळला की मिटेनाच. नाना तो उघडाच खिशात खोचून ऑफिसला जात. लांबून पाहणाऱ्याला त्यांच्या छातीवर एखादं मोठं फुलपाखरू येऊन बसल्यासारखं वाटे.

नानांना सासऱ्यांबद्दल आदर होता. पण आदर हा थोडा लांबून जास्त चांगला करता येतो, असं त्यांचं मत होत चाललं होतं.

आता नाना काय करत ते सांगायला हवं. ते एका खत कारखान्यात पत्रकं लिहीत. पिशवीवर, बाटलीवर, घडी घालून आत सरकवलेल्या कागदावर जो मजकूर असतो आणि जो कोणी वाचत नाही, तो नानांचा. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की बायकोला घातलेल्या पत्राच्या शेवटीही एकदा तेच लिहून गेले होते. आयुष्यात त्यांनी एक रोप लावलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये मात्र 'नाना खतवाल्या कंपनीत शास्त्रज्ञ आहेत' असा समज होता, आणि लोकांचे समज दूर करत बसण्याइतका नानांना वेळ नव्हता.

एका सकाळी चहाच्या वेळी अप्पांचा डोळा मिक्सरवर गेला. नानांच्या बायकोनं मिक्सर उचलून पोटाशी धरला आणि घाईघाईनं विषय काढला, "अहो, तुमच्या कंपनीनं ती नवीन बाटली काढलीय ना? नॅनो का काय ती?"

नानांचं पाठ होतं. त्यांनी कप खाली ठेवला. "अप्पा, गोणीतलं निम्मंअधिक खत पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर वाहून विहिरीत नाहीतर ओढ्यात जातं. आपण खत घालतो कोबीला आणि पोसतो शेवाळ. नॅनो म्हणजे त्याच खताचे कण, पण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो बसतील. पानावर फवारायचं. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यातून थेट आत. वाया जाणं कमी."

"पान जेवतं?" अप्पांनी विचारलं.

"जेवतं म्हणजे, शोषतं."

"मग मुळं काय शोभेला दिलीत?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं. नाना म्हणाले, "एक बाटली म्हणजे एक गोणी. मोठ्या अक्षरांत छापलंय. मीच लिहिलंय."

"म्हणजे बाबांना गोणी उचलायलाच नको," बायको म्हणाली. "म्हणजे बाबा परत..." तिनं वाक्य पुरं केलं नाही, फक्त नळाकडे पाहिलं. नानांनीही नळाकडे पाहिलं. नळ घरघरला.

अप्पांना हे सगळं कळत होतं. ते कमरेनं अडले होते, डोक्यानं नव्हे. "बाटलीनं माणसं बिघडलेली पाहिलीत मी," ते म्हणाले. "पिकं सुधारलेली नाही पाहिली. पण ठीक आहे, जावईबापू. रोपं नुकतीच लावलीत. अर्ध्या मळ्याला गोणी, ती शेजारच्या मळ्यातले दादा टाकतील. अर्ध्याला तुमची बाटली. ती तुम्ही टाकायची, कारण तुम्ही लिहिलंय. बाटलीचा कोबी गोणीच्या तोडीचा आला तर गोणी सोडली. नाही आला, तर मी गोणी उचलणार, आणि तुमच्या डॉक्टरला तिच्यात घालून उचलणार."

बायकोचा चेहरा उतरला. वडील बोलल्याप्रमाणे करतात, हे तिला जन्मापासून माहीत होतं. ती रात्री नानांना म्हणाली, "अहो, नीट करा हं. परत गोणी घेतली ना त्यांनी, तर ते उठायचे नाहीत." नानांनी छाती पुढे काढून "अगं, त्यात काय आहे?" असं म्हटलं. एखाद्या गोष्टीत काय आहे हे ज्याला माहीत नसतं, तोच हे इतक्या सहजपणे म्हणू शकतो.

बाटली मिळवण्यापासून सुरुवात झाली. नानांना वाटलं, आपल्याच कारखान्यात तयार होते, खाली गोदामात जाऊ आणि घेऊन येऊ. गोदामवाले म्हणाले, कर्मचाऱ्याला माल विकता येत नाही. नमुना विभागात गेले, तर नमुना फक्त शेतकऱ्याला. नाना म्हणाले, सासरे शेतकरी आहेत. "मग त्यांना पाठवा." त्यांची कंबर धरलीय. "मग तसा दाखला आणा." कशाचा दाखला? "कमरेचा."

शेवटी नाना बाजारातल्या खतविक्रेत्याकडे गेले. दुकानात बाटल्यांची रांग लागली होती आणि तिच्यावर धूळ इतकी, की नानांचं मोठ्या अक्षरांतलं वाक्य वाचता येत नव्हतं. त्यांनी ती बोटानं पुसली आणि एक बाटली मागितली.

"एकटी बाटली मिळत नाही," दुकानदार म्हणाला. "गोणी घ्यावी लागते. गोणीवर बाटली."

"अहो, मला गोणी नको, म्हणून तर बाटली हवी!"

"तसं नाही साहेब. बाटली कोणी घेत नाही, म्हणून आम्ही ती गोणीला जोडून देतो. आता नुसती बाटली तुम्हाला दिली, तर तिची गोणी मी कोणाच्या गळ्यात मारू?"

"हा काय न्याय झाला?"

"कंपनीला सांगा."

"मी कंपनीचाच माणूस आहे!"

दुकानदारानं नानांना नीट निरखलं, त्यांच्या छातीवरचं फुलपाखरू पाहिलं आणि म्हणाला, "मग तुम्ही दोन न्या."

अशा रीतीनं, सासऱ्यांना गोणी उचलायला लागू नये म्हणून नाना गोणी उचलून घरी निघाले. बसमध्ये कंडक्टरनं चढू दिलं नाही. अर्ध्या वाटेत नानांनी गोणी भिंतीला टेकवून विसावा घेतला आणि मग ती पुन्हा उचलताना त्यांच्याही कमरेत बारीकसं काहीतरी 'कट्‌' झालं. त्या दिवसापासून सासरे-जावई एकाच पट्ट्याचे भागीदार झाले. दिवसा पट्टा अप्पांना, रात्री नानांना.

बिल्डिंगच्या फाटकात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी पूर्वी कुठल्याशा कचेरीत सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले तरी त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. त्यांनी गोणीवरचं सगळं वाचून काढलं. नानांचा मजकूर इतक्या लक्षपूर्वक वाचणारा हा पहिला माणूस, पण नानांना तेव्हा त्याचा आनंद घेता आला नाही.

"खत म्हणजे स्फोटक," सेक्रेटरी म्हणाले. "मी वाचलंय."

"ते खत वेगळं. याचा भडका उडत नाही."

"दोन्ही पांढरं असतं ना?"

"पीठही पांढरंच असतं."

"म्हणून तर संशय येत नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि हा मुद्दा आपण जिंकला असं समजून बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत गोणी बाल्कनीत, आणि गोणीशेजारी वाळू भरलेली एक लाल बादली, अशी व्यवस्था झाली. अप्पा मात्र गोणी पाहून असे खुलले, जसा जुना दोस्त भेटावा. त्यांनी तिच्यावर दोनदा थाप मारली आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून तिचा एक कोपरा उचलूनही पाहिला. बायकोचं लक्ष होतं. त्या दिवसापासून ती बाल्कनीचं दार लावून घेऊ लागली. पण बिजागऱ्यांना तेल इतकं, की ते लागून राहत नसे.

शेजारच्या काकूंना गोणीची भीती नव्हती, बाटलीची होती. "इतकं बारीक असतं म्हणता," त्या नानांना म्हणाल्या, "मग भिंतीतून येत नसेल कशावरून?"

"बाटलीचं झाकण घट्ट आहे, काकू."

"मग झाकणातून येत नसेल कशावरून?"

झाकणातून काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच ते खत काकूंच्या घरी पोचवलं. मळ्यावर जाण्याआधी हात बसावा म्हणून ते बाल्कनीत बाटलीतलं थोडं खत घालून फवारणीचा पंप चालवून बघत होते. 'वारा असताना फवारू नये' हे वाक्य त्यांचंच. पण लिहिणाऱ्यानं आपलंच लिहिलेलं पाळायचं म्हटलं तर जगात फार कमी लिहिलं जाईल. झुळूक आली आणि तो सगळा तुषार काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर आणि कुंडीतल्या मरतुकड्या गुलाबावर जाऊन बसला. काकूंनी चादरी पुन्हा धुतल्या, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या आणि नानांशी बोलणं टाकलं.

रविवारी नाना पाठीवर पंप घेऊन मळ्यात उभे राहिले. अप्पा पट्टा बांधून एका उपड्या बादलीवर बसले होते. बांधावर शेजारच्या मळ्यातले दादा, हातात काही काम नाही हे लपवण्यासाठी खुरपं घेऊन.

नानांनी पहिल्या रोपावर फवारा मारला. कोबीच्या पानावर मेणासारखा लेप असतो, हे शेतात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नानांना ते त्या क्षणी कळलं. थेंब पानावर पडले, मोत्यांसारखे चमकले, घरंगळले आणि जमिनीवर गेले. एक थेंब टिकेल तर शपथ. नानांनी आणखी फवारलं. आणखी मोती.

"आंघोळ घालताय का?" दादांनी विचारलं.

"चिकटत नाहीये," नाना पडलेल्या आवाजात म्हणाले.

"थोडा साबण घाला पाण्यात. दोन थेंब."

पण दादांच्या 'दोन थेंब'मधलं नानांच्या कानात शिरलं ते फक्त 'साबण घाला'. ते खोलीत गेले, भांड्यांचा पातळ साबण सापडला तो हात सैल सोडून पंपात ओतला आणि दांडा जोरजोरात हलवला. पुढं जे झालं ते बसच्या थांब्यावरच्या लोकांनी फार दिवस एकमेकांना सांगितलं. पंपाच्या नळीतून पाणी नव्हे, फेस निघाला. एक सरी भरली, दुसरी भरली. नाना घाबरून पंप बंद करायला गेले आणि खटका उलटीकडे फिरवला. थोड्या वेळात अर्धा मळा दुधावर साय धरावी तसा पांढरा झाला. वाऱ्यानं फेसाचे गोळे उचलले आणि ते रस्त्यानं निघाले. एक गोळा सायकलवरून चाललेल्या गृहस्थांच्या तोंडावर बसला. गृहस्थ उतरले, चव घेतली आणि नानांना जे म्हणाले ते इथं सांगण्यासारखं नाही.

"जावईबापू," अप्पा बादलीवरून म्हणाले, "भांडी घासून झाली की सांगा."

नानांनी आयुष्यात बरेच अपमान गिळले होते, पण इतक्या साबणाबरोबर कधी नाही. त्यांनी विहिरीचं पाणी शेंदून रोपं धुतली. मग पुढच्या रविवारी, पहाटे, वारा पडलेला असताना, खरोखर दोन थेंब घालून त्यांनी पुन्हा फवारलं, आणि थेंब बसले. प्रत्येक पानावर बारीक दव पडावं तसं. अप्पांनी बादली जवळ ओढून एक पान निरखलं, आणि हीच नानांना शाबासकी वाटली.

मग सुरू झालं वाट बघणं. ते नानांना जमेना. कोबी दिवसाला किती वाढतो हे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. ते ऑफिसच्या आधी पहिल्या बसनं मळ्यावर जात, बायकोच्या शिलाईच्या फितीनं पानं मोजत आणि चिखलाच्या बुटांनी ऑफिसात येत. ऑफिसात बसलं की वाटे, आत्ता या क्षणी काहीतरी होत असेल. घरी अप्पा खिडकीशी फेऱ्या घालत, नाना दाराशी. मध्ये बायको. "एकानं तरी बसा," ती म्हणे, "मला गरगरतंय." दोघं बसत आणि दोघांचे पाय हलत राहत.

आणि मग बाटलीकडचा कोबी पिवळा पडू लागला.

आधी खालचं एखादं पान. मग प्रत्येक रोपाचं खालचं पान. सरीपलीकडं गोणीचा कोबी गडद हिरवा, गुबगुबीत, सुखवस्तू. आणि अलीकडं नानांचा, वरच्या दुधावर वाढलेल्या अशक्त पोरासारखा. दादा म्हणाले, साबण लागला. सेक्रेटरी म्हणाले, घातपात असेल. शेजारच्या काकू काहीच म्हणाल्या नाहीत, कारण त्यांचा गुलाब तोपर्यंत कळ्यांनी लगडला होता आणि त्या पेचात होत्या.

कारखान्याच्या लॅबमध्ये एक मॅडम होत्या, त्यांना विचारणं एवढाच मार्ग उरला होता. पण ज्यानं पत्रक लिहिलं त्यानंच 'हे कसं वापरायचं हो?' म्हणून जायचं, हे नानांच्या जिवावर आलं. ते रोज प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जात आणि तिथल्या पाणपोईवर पाणी पिऊन परत येत. इतकं पाणी त्यांनी कोबीलाही घातलं नव्हतं.

या दिवसांत घरात दोन चमत्कारिक गोष्टी घडत होत्या. एक, स्वयंपाकघरातले डबे कमी होत होते. आज कॉफीचा, उद्या बिस्किटांचा. आणि दोन, अप्पा शांत झाले होते. जेवण झालं की "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून जात, अंधार पडायच्या आत येत आणि गाढ झोपत. कुठलाही स्क्रू आवळत नव्हते. बायको म्हणाली, "बाबांचं वय झालं हो," आणि तिचे डोळे भरून आले.

त्या डोळ्यांनी नानांना प्रयोगशाळेच्या दारातून आत ढकललं. लॅबमधल्या मॅडम वयानं लहान होत्या आणि त्यांना बोलताना आडपडदा नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मुळाशी काय दिलं?"

"काही नाही. एक बाटली, एक गोणी."

"हे कुठल्या शहाण्यानं लिहिलंय?"

"मी... मी आमच्या विभागात चौकशी करतो," नाना म्हणाले.

"अहो, पानातून जातो तो वरचा घास. त्यावर अख्खं झाड जगेल का? लावणीनंतर मुळाशी थोडं द्यावंच लागतं. चिमूटचिमूट. त्यानंतर जे पुन्हा पुन्हा फेकतो ना आपण, ज्यातलं बरंचसं वाया जातं, त्याच्याऐवजी बाटली. म्हणजे गोणी अजिबात जात नाही, पण बरीच कमी होते. आणि ही गोष्ट काही लहान नाही. मी तर चार ओळींत नीट लिहून पाठवलं होतं तुमच्याकडे."

नानांना त्या चार ओळी आठवल्या. चांगल्या होत्या. पण त्या ठेवल्या असत्या तर मोठी अक्षरं बसली नसती.

ते तसेच घरी आले. आता बाल्कनीतली ती नकोशी गोणीच कामाला येणार होती. काहीतरी निमित्त सांगून त्यातलं मळ्यावर न्यायचं आणि अप्पांच्या नकळत मुळाशी घालायचं, असा बेत करत त्यांनी बाल्कनीचं दार लोटलं. गोणी जागेवर होती. पण ती बसकी झाली होती. उभ्या गोणीचं पोट गेलं होतं आणि मान कलली होती.

एवढ्यात दारात सेक्रेटरी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "नाना, पोलिसांकडे जायच्या आधी तुमच्याकडे आलो, शेजारधर्म म्हणून. तुमचे सासरे रोज पोटाला डबे बांधून बाहेर जातात."

"डबे?"

"पट्ट्याच्या आत. मी पाळत ठेवलीय. जाताना पोट असतं. येताना नसतं."

नानांना दरदरून घाम फुटला. स्फोटाच्या भीतीनं नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर गोणीकडचा कोबी आला, गडद हिरवा. म्हातारा तिकडं चोरून जास्तीचं खत घालतोय! पैज जिंकायला! नाना सेक्रेटरींच्या स्कूटरवर मागं बसले आणि रस्ताभर मनातल्या मनात सासऱ्यांना असं काही सुनावत गेले की प्रत्यक्षात त्यातला एक शब्दही उच्चारायची त्यांची छाती झाली नसती.

मळ्यावर ऊन उतरलं होतं. अप्पा दिसले; पण गोणीच्या बाजूला नाही. ते नानांच्या पिवळ्या कोबीत मांडी घालून बसले होते. शेजारी कॉफीचा डबा. एकेका रोपाची माती बोटानं उकरत होते, चिमूट घालत होते, माती लोटून वरून थापटत होते. मग बुडावरच थोडं पुढं सरकत होते.

"डबे खाली ठेवा!" सेक्रेटरी कोबीआडून ओरडले.

"खालीच आहेत," अप्पा न दचकता म्हणाले. "मीही खालीच आहे." मग त्यांना नाना दिसले, आणि तेव्हा मात्र ते दचकले. डबा त्यांनी पाठीमागं सरकवला.

"अप्पा, डब्यात काय आहे?"

"माती."

"मळ्यात माती डब्यातून आणलीत?"

अप्पांनी रोपाचं खालचं पान उचलून दाखवलं. "पिवळं पडत होतं हो," ते म्हणाले. "मला बघवेना. पैज तुमची-माझी. त्यांना काय माहीत पैज? त्यांना कशाला उपाशी ठेवायचं?" आणि मग चिडून, "तुम्ही हरलात असं समजू नका. मी लबाडी केली, म्हणजे मीच हरलो. चला, काय बोलायचंय ते बोला."

रस्ताभर जुळवलेलं भाषण नानांनी बांधावरच टाकून दिलं. ते सरीत उतरले, सासऱ्यांसमोर बसले आणि लॅबमधल्या मॅडम काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. चार ओळींचंसुद्धा. ते सांगताना त्यांचे कान तापले.

अप्पांनी ऐकून घेतलं. "चिमूटचिमूट म्हणाली?"

"हो. मुळाशी. मग वरून बाटली."

"मी चिमूटच घालतोय." अप्पांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे ही लबाडी नाही. ही पद्धत आहे!"

"पद्धतच आहे."

"मग बघत काय बसलाय? तो दुसरा डबा घ्या. आणि अहो सेक्रेटरी, लपलात त्या कोबीवर पाय देऊ नका. तो गोणीचा आहे, पण त्याचा काय दोष?"

अंधार पडेपर्यंत तिघं बसून सरकत राहिले. सेक्रेटरींनी आधी हातमोजे मागितले, मग खिशातला रुमाल हाताला गुंडाळला, आणि शेवटच्या ओळीत तोही काढून टाकला.

कोबी काढणीला आला तेव्हा दोन्हीकडचे गड्डे काट्यावर घातले. गोणीचे जरा वजनदार, बाटलीचे जरा घट्ट. फरक म्हणावा असा नव्हता. एकीकडं गोणीवर गोणी रिकामी झाली होती, दुसरीकडं कॉफीचे आणि बिस्किटांचे डबे. दादांनी दोन्ही हातांत दोन गड्डे धरून बराच विचार केला आणि निकाल दिला, "साबणाचा गुण." पुढच्या लावणीला त्यांचा मळा फेसाळलेला पाहून लोक पुन्हा थांबले. शेजारच्या काकूंनी चिकटपट्ट्या काढल्या, आणि एका संध्याकाळी, बोलणं अजून बंदच असल्यामुळं, एक शब्दही न बोलता आपली दुसरी कुंडी नानांच्या बाल्कनीकडच्या कठड्याशी, फवारा पोचेल अशी, आणून ठेवली.

अप्पा परत आपल्या दोन खोल्यांत राहायला गेले. बांधावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते 'माझी पद्धत' समजावून सांगत. त्यात लॅबमधल्या मॅडमचा उल्लेख कधी नसे, जावयाचा असे. पण तो फेसापुरता.

एका सुट्टीच्या दिवशी नाना भरलेली बाटली घेऊन मळ्यावर गेले. नवी रोपं मातीत धरली होती. अप्पा सरीत बसून एकेका मुळाशी चिमूट घालत पुढं सरकत होते. ओळ संपली. डबा बाजूला ठेवून त्यांनी वर न बघताच हात पुढं केला.

नानांनी लगबगीनं त्या हातात बाटली दिली.

अप्पांनी बाटलीकडे पाहिलं, ती डब्याशेजारी ठेवली आणि हात पुन्हा पुढं केला.

"बाटली नको रे," ते म्हणाले. "हात दे."

नाना आधी मागं वळून बघायला लागले, 'रे' कोणाला म्हणतायत म्हणून. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले.